अल्फा-गॅलची ॲलर्जी आणि सॉसची बाटली

अल्फा-गॅल ही गाय, डुक्कर, मेंढी, हरीण अशा बहुतेक सस्तन प्राण्यांच्या शरीरात आढळणारी शर्करा आहे. माणसाच्या शरीरात ती नसते. अमेरिकेत लोन स्टार जातीची गोचीड चावल्यावर काही जणांच्या शरीरात या शर्करेविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. मग या प्राण्यांचे मांस खाल्ल्यानंतर साधारण २ ते ६ तासांनी अंगावर गांधी उठतात, पोटात कळा येतात, कधी जिवावरही बेतते. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राच्या २०२३ मधील अंदाजानुसार २०१० पासून साडेचार लाखांपर्यंत लोकांना ही बाधा झाली असावी. त्रास इतक्या उशिरा होत असल्याने नेमके काय बाधले हे ओळखणे अवघड जाते. म्हणूनच पदार्थ घेतानाच लेबल वाचणे महत्त्वाचे ठरते.

अमेरिकी कायद्यानुसार दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, कठीण कवचाची फळे, शेंगदाणे, गहू, सोयाबीन आणि २०२३ पासून तीळ या नऊ ॲलर्जीकारक घटकांचा ठळक उल्लेख बंधनकारक आहे. सस्तन प्राण्यांचे मांस या यादीत नाही. त्यामुळे यादीखालची ॲलर्जीची सूचना वाचून भागत नाही. अख्खी घटकयादी वाचावी लागते.

काही शब्द सरळ असतात: बीफ एक्स्ट्रॅक्ट, लार्ड (डुकराची चरबी), टॅलो (गुरामेंढ्यांची चरबी), जिलेटिन. ग्रेव्हीच्या पावडरीत आणि सूपच्या वड्यांत ते अनेकदा सापडतात. रँच ड्रेसिंगमधले ताक किंवा व्हे कुणाला चालते, कुणाला नाही. ते रुग्णाच्या सहनशक्तीवर आणि डॉक्टरांच्या सल्ल्यावर अवलंबून असते. साधी मोहरी, व्हिनेगर, अंड्याचे मेयोनेज, फिश सॉस यांत मूळ घटकांची अडचण नसते.

खरी कसोटी संदिग्ध शब्दांची. बार्बेक्यू सॉसची बाटली घेतली, तर यादीत टोमॅटो, व्हिनेगर, काकवी असे घटक दिसतात. मग वुस्टरशर सॉस येतो; त्यापुढच्या कंसात अँकोव्ही मासे आणि चिंच असते, म्हणजे तिथवर हरकत नाही. शेवटी ‘नॅचरल फ्लेवर’ हे दोनच शब्द येतात. अमेरिकी नियमांत या नावाखाली मांसापासून काढलेला स्वादही बसतो. मोनो- व डायग्लिसराइड्स आणि ग्लिसरीन यांचेही तसेच: ते वनस्पती तेलातूनही येतात, प्राण्यांच्या चरबीतूनही. यादीवरून उगम कळत नाही.

पाकिटावरच्या खुणा काही अंशी उपयोगी पडतात. ‘व्हीगन’ म्हणजे प्राणिज घटक नाहीत. पण समुद्री शेवाळातले कॅराजीनन त्यात असू शकते आणि काही रुग्णांना तेही टाळावे लागते. भारतीय दुकानातून आणलेल्या लोणच्या-मसाल्यांवरचा हिरवा ठिपका मांस आणि प्राण्यांची चरबी नसल्याची खात्री देतो, मात्र दूध-तूप त्याला चालते. दूध न सोसणाऱ्याने त्या ठिपक्यावर विसंबू नये.

उरलेल्या शंकेसाठी उत्पादकालाच विचारावे लागते. ‘यात ॲलर्जीकारक घटक आहेत का?’ या प्रश्नाला त्या नऊ घटकांपुरतेच उत्तर मिळू शकते. म्हणून ‘या स्वादात किंवा ग्लिसरीनमध्ये गाय, डुक्कर, मेंढी यांच्यापासूनचे काही आहे का?’ असे नेमके विचारावे. स्पष्ट उत्तर येईपर्यंत बाटली बाजूला ठेवावी. कृती बदलली तरी वेष्टन तसेच दिसू शकते; त्यामुळे ओळखीच्या बाटलीचीही यादी दर खरेदीला वाचावी लागते.