बसऱ्याच्या धक्क्यावरची बोट

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, जी फौज झुंजली तिचे नाव होते 'सहावे पूना डिव्हिजन'. पुण्यातल्या किती वाचकांस हे ठाऊक असेल? या फौजेत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या.

नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला घनघोर लढाई झाली. चार हजारांहून अधिक लोक ठार-जखमी झाले. जखमींना नदीपर्यंत न्यायला होते ते मालाचे, बिनस्प्रिंगचे खेचरगाडे! आणि तैग्रिस नदीवर इस्पितळी बोट एकही नव्हती. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी दिलेले 'लॉयल्टी' हे सुसज्ज इस्पितळी जहाज होते खरे; पण ते पडले समुद्रातले. सरकारी तिजोरीतून नदीसाठी काय निघाले होते? अर्थखात्याने लष्करी खर्चाला आधीच कात्री लावली होती, आणि इस्पितळ काही तोफेसारखे नजरेत भरत नाही.

मग माणसे कोंबली साध्या आगबोटींत. 'मेजिदिया' ही त्यांतलीच एक. ती बसऱ्यास आली तेव्हा मेजर मार्कम कार्टर या लष्करी डॉक्टरास वाटले, बोटीच्या कडांना दोर लोंबताहेत. जवळ आल्यावर उलगडा झाला, ती विष्ठा होती. उठता न येणारे जखमी डेकवर खेटून पडले होते. एका शिपायाच्या मोडलेल्या मांडीला व्हिस्कीच्या खोक्याच्या फळ्या बांधलेल्या. बांधायला तार वैरणीच्या गठ्ठ्याची!

वरिष्ठांनी मात्र जखमींची व्यवस्था उत्तम असल्याची तार केली. कार्टर बोलू लागले तेव्हा त्यांनाच दटावण्यात आले: गप्प बसा, नाहीतर जहाजाचा ताबा जाईल. ते गप्प बसले नाहीत. त्यांची साक्ष चौकशी कमिशनपुढे झाली आणि १९१७ मध्ये अहवाल छापून आला. भारतमंत्री चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. फेब्रुवारी १९१६ मध्येच मोहिमेची सूत्रे लंडनने हाती घेतली होती. त्यानंतर औषधपाण्याची व्यवस्था सुधारत गेली.

पण पूना डिव्हिजनला त्याचा उपयोग झाला नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी कुतला शरणागती झाली, आणि तिन्ही मराठा पलटणींतले उरलेले शिपाई तुर्कांच्या कैदेत गेले.