ऑनलाइन तास आणि मोबाईलचं व्यसन

हदगावहून बोलतोय, आजचा भाग नर्सिंगवाल्यांसाठी.

मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये नर्सिंगचे तास मोबाईलवर आले. "ऑनलाइनमधलं काही कळत नाही बघा," हे तेव्हापासून ऐकतोय. मला यात दोन तक्रारी दिसतात.

पहिली खरीच आहे. बीपी घेताना पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा, आवाज थांबतो तो खालचा. व्हिडिओत हे समजतं, पण कान वॉर्डातच तयार होतो.

दुसरी म्हणजे तास चालू असताना बोट रीलकडे जातं. त्यात शिकवणाऱ्याचा काय दोष?

व्यसन कसं ओळखायचं? २०१३ मध्ये दक्षिण कोरियात शाळकरी मुलांसाठी १० वाक्यांची चाचणी निघाली. मोबाईलमुळे ठरलेलं काम राहतं का? वर्गात लक्ष लागत नाही का? मनगट, मान दुखते का? प्रत्येक वाक्याला १ ते ६ गुण. बेरीज मुलांची ३१, मुलींची ३३ च्या पुढे गेली की सावध व्हायचं. हे निदान नव्हे, इशारा समजा.

उपाय साधा आहे. रेकॉर्ड केलेलं लेक्चर आधी डाउनलोड करा, नेट बंद करा, मग बघा. उद्या रात्रपाळीत पेशंटचं सलाईन संपत आलेलं असेल, तेव्हा नजर तिथंच हवी. ती सवय आत्तापासूनच लावा.

भेटू पुढच्या भागात!