वात जळत नाही, मग जळतं काय?

ब्रिटनमध्ये आणि युरोपातल्या अनेक देशांत, सिगरेट सोडून व्हेपकडे वळलेल्या प्रौढांमध्ये एक छोटा हौशी वर्ग आहे. ही मंडळी तयार कॉइल विकत घेत नाहीत. तारेची गुंडाळी स्वतः करतात, तिच्यातून वात ओवतात आणि लिक्विडची वाफ करणारा भाग, म्हणजे ॲटोमायझर, पुन्हा पुन्हा बांधतात. वात बहुतेकदा कापसाची असते, काहींची सिरॅमिकची. या दुसऱ्या वातीबद्दल इतकं काही ऐकीव बोललं जातं की, तिकडे राहणाऱ्या मराठी माणसांनीही खरंखोटं पारखून घ्यायला हवं. ज्यांना निकोटीनची सवय नाही त्यांनी हा खटाटोप मुळात सुरूच करू नये. भारतात तर २०१९च्या कायद्याने ई-सिगरेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात या सगळ्यावर बंदी आहे. आयात किंवा विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सुट्टीत घरी येताना बॅगेतून ते सामान आणू नका.

सगळ्यात घट्ट रुजलेला गैरसमज असा: कापूस करपतो, सिरॅमिक करपत नाही, म्हणून सिरॅमिकची वाफ शुद्ध. यातला पहिला भाग खरा आहे. २०० अंश सेल्सिअसच्या बऱ्याच पुढे गेलं की कापूस तपकिरी पडून करपतो. ॲल्युमिना-सिलिकाचा धागा हजार अंशांतही टिकतो. पण वाफ येते ती लिक्विडची. त्यात मुख्यतः प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असतं. पहिलं सुमारे १८८ अंशांना उकळतं, दुसरं २९० अंशांना. वात ओली असेपर्यंत कॉइलची उष्णता लिक्विड उकळण्यात खर्च होते आणि तापमान आवाक्यात राहतं. समईत तेल असेपर्यंत वात टिकते, तेल आटलं की भराभर जळते, तसंच हे आहे. वात सुकली की तापमान एकदम चढतं, ग्लिसरीनचं विघटन होतं आणि ॲक्रोलिन, फॉर्माल्डिहाइड यांसारखी घातक द्रव्यं तयार होतात. वात कशाचीही असो, हे टळत नाही. उलट कापूस स्वतःच करपत असल्यामुळे घशाला जोरदार झटका बसतो आणि माणूस लगेच थांबतो. सिरॅमिकमध्ये करपट चवीचा तो वाटा नसतो, म्हणून इशारा सौम्य मिळतो. निकोटीनचं व्यसनही वात बदलून कमी होत नाही.

‘सिरॅमिक ते सिरॅमिक, कुठलंही चालेल,’ हा समज मला सर्वांत धोक्याचा वाटतो. एकाच नावाखाली अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक म्हणजे अखंड तंतूंची विणलेली दोरी. थ्रीएम कंपनीचं ‘नेक्स्टेल’ हे तिचं ठळक उदाहरण. ते भट्ट्यांसाठी आणि अवकाशयानांच्या उष्णतारोधक आवरणांसाठी बनलं. व्हेपसाठी ते वापरायला सुरुवात केली ती हौशी लोकांनी. त्याचे तंतू साधारण १० ते १२ मायक्रॉन जाडीचे असतात. दुसरी वस्तू म्हणजे भाजून घट्ट केलेली सच्छिद्र नळी किंवा वाटी. तिसरी म्हणजे भट्टीच्या आत लावायचं लोकरीसारखं ब्लँकेट. त्याचे तंतू फार बारीक असतात, आणि ३ मायक्रॉनपेक्षा बारीक लांबट तंतू श्वासाबरोबर फुप्फुसाच्या खोल भागापर्यंत पोचू शकतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अशा उच्चतापरोधक सिरॅमिक तंतूंना ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ असलेल्या २-बी गटात घातलं आहे. स्वस्त मिळतं म्हणून ब्लँकेटचा तुकडा कापून ॲटोमायझरमध्ये घालणं हा निव्वळ अविचार आहे. दोरीचे तंतू जाड आहेत म्हणून ती श्वासासाठी तपासलेली आहे, असंही नाही. बनवणाऱ्याने कागदावर तंतूची जाडी आणि घटक दिले नसतील, तर ती दोरी घेऊच नका.

नवी दोरी पुडीतून काढून थेट बसवतात, तेही चूक. विणताना धागे तुटू नयेत म्हणून त्यांवर सेंद्रिय लेप दिलेला असतो. तो आधी जाळून काढावा लागतो: हवेशीर जागी ज्योतीत धरली की दोरी काळवंडते, धूर येतो आणि मग ती पुन्हा पांढरी होते. ती पांढरी होईपर्यंत काम झालं असं धरू नये. बसवताना ती कॉइलच्या वेढ्यांना सगळीकडे टेकली पाहिजे, पण आवळली जाता कामा नये. सैल राहिली तर तार मध्येच कोरडी तापते. आवळली तर लिक्विड पुढे सरकत नाही. सिरॅमिक कापसापेक्षा सावकाश शोषतं, म्हणून जास्त ग्लिसरीनचं घट्ट लिक्विड आणि मोठे वॅट ही जोडी त्याला झेपत नाही.

‘एकदा बसवली की कायमची’ हेही खरं नाही. गोड चवीच्या लिक्विडमधली साखर किंवा सुक्रालोज तापून काळा थर धरते आणि छिद्रं बुजतात. वात गरम पाण्यात नुसती खळबळून पूर्ण सुकवावी. साबण वापरू नये, तो आत अडकून बसतो. स्पिरिटने धुतलं तर ते पूर्ण उडून जाईपर्यंत बटण दाबायचं नाही. त्यानंतर कमी वॅटवर थोडा थोडा वेळ तापवून थर जाळता येतो, पण फक्त कांथल, नायक्रोम किंवा स्टेनलेस स्टीलच्या तारेवर आणि तार मंद लाल होण्याइतपतच. निकेल आणि टायटॅनियमची तार अशी कोरडी तापवायचीच नाही. लाल झालेली कॉइल गार पाण्याखाली धरली तर सच्छिद्र वाटीला तडा जाऊ शकतो. तापवून झाल्यावर कॉइलचा रोध ओहममापकाने पुन्हा मोजावा, कारण वेढे सरकून एकमेकांना चिकटलेले असू शकतात.

दोरीची टोकं पिंजली असतील, बोटाला खरखरीत चूर लागत असेल, किंवा वाटीला केसाएवढी चीर दिसत असेल, तर ती धुऊन पुन्हा वापरू नका. ओल्या कागदात गुंडाळून टाकून द्या, म्हणजे चूर हवेत उडणार नाही. आणि नवी दोरी कापताना आधी ती ओली करा.