नखाची बुरशी: पहिल्या डागालाच दवाखाना गाठा

जुलै २०१८मध्ये नालासोपारा स्टेशनचे रूळ पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या, बातमी झाली. पण सखल वस्त्यांत पाणी तुडवणे हे दर पावसाळ्याचेच. ओले पाय दिवसभर बुटात, गमबुटात कोंडले की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. तिथली बुरशी पुढे नखात शिरू शकते.

सुरुवातीला नखाच्या कडेला पांढरा-पिवळा डाग दिसतो. दुखत नाही, म्हणून आपण सोडून देतो. मग नख जाड, ठिसूळ होते, बुटात टोचते. सफाई कामगाराला किंवा घरकाम करणाऱ्या ताईला चालणेच अवघड झाले तर रोजी बुडते. मधुमेह असेल तर नखाजवळच्या लहान जखमेतून जंतू शिरतात, पाय सुजतो, जखम चिघळते.

डाग लहान असताना नखाला लावायच्या औषधाने भागू शकते. बुरशी मुळाशी गेली की टर्बिनाफिनसारख्या गोळ्या साधारण १२ आठवडे, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच; आधी यकृताची रक्ततपासणी. अंगठ्याचे नवे नख पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष लागते.

मेडिकलमधून स्टिरॉइड मिसळलेले मलम आणू नका. खाज थांबते, पण बुरशी पसरते. प्रत्येक खराब नख बुरशीचे नसते. म्हणून पालिकेच्या किंवा सरकारी दवाखान्यात नख खरवडून होणाऱ्या तपासणीबद्दल विचारा.

रोज पाय धुऊन बेचक्या कोरड्या करा. मोजे बदला. नेलकटर, टॉवेल वेगळे ठेवा. आणि आज रात्रीच घरातल्या सगळ्यांची नखे उजेडात एकदा पाहा.