हिरवळीच्या ठेक्यात मालकाची मजुरी किती धरावी?

मराठवाड्याच्या शहरांत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हिरवळ आणि बाग सांभाळण्याचा धंदा हळूहळू उभा राहिला आहे. नांदेडला २००८ साली गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दी सोहळ्यानिमित्त रस्ते, घाट आणि उद्यानांची मोठी कामे झाली. लातुरात शिकवणी वर्ग, दवाखाने आणि महाविद्यालये वाढली. दोन्ही शहरांच्या बाहेरच्या रस्त्यांवर लग्नासाठीच्या लॉन्स झाल्या. या सर्व ठिकाणी गवत कापणे, मेंदीचे कुंपण कातरणे, खत-पाणी देणे, तण काढणे ही कामे कोणी तरी महिन्याच्या ठरावावर घेतो. एक गवत कापण्याचे यंत्र, एक ब्रश कटर, एक जुनी तीनचाकी आणि दोन मजूर एवढ्यावर हा धंदा सुरू करता येतो. आपल्या समाजातील अनेक होतकरू तरुणांना तो जमण्यासारखा आहे.

परंतु या धंद्यातल्या माणसाला "महिन्याला किती सुटतात?" असे विचारले तर बहुधा दोन उत्तरे मिळतात. एक म्हणजे महिन्याला जमा होणारी पूर्ण रक्कम. दुसरे म्हणजे, "भागते, बरकत आहे." ही दोन्ही उत्तरे हिशेबाची नव्हेत. मालकाने किती कमवावे हा प्रश्न नीट सोडवायचा असेल, तर मालकाच्या हाती येणाऱ्या पैशाचे तीन भाग वेगळे करावे लागतात.

तीन वेगळ्या कमाया

पहिला भाग मालकाच्या स्वतःच्या अंगमेहनतीचा. तो सकाळी मजुरांबरोबर यंत्र चालवतो, संध्याकाळी बिले मागायला जातो. उद्या तो आजारी पडला आणि हेच काम करायला दुसरा जाणता माळी ठेवला, तर त्याला जो पगार द्यावा लागेल तीच मालकाची मजुरी. ती नफा नव्हे, खर्च आहे.

दुसरा भाग भांडवलाचा. यंत्रात आणि गाडीत अडकलेला पैसा दर वर्षी झिजतो. यंत्र चार वर्षांत निकामी होणार असेल, तर त्याच्या किमतीचा चौथा हिस्सा दर वर्षी बाजूला पडला पाहिजे. नाही तर पाचव्या वर्षी नवे यंत्र कर्जावर घ्यावे लागते.

तिसरा भाग जोखमीचा, आणि खरा नफा तोच. गिऱ्हाईक तुटणे, बिल बुडणे, दुष्काळ पडणे हे सगळे मालकाच्या डोक्यावर असते. मजुराच्या डोक्यावर ते नसते, म्हणूनच मालकाला मजुरापेक्षा जास्त मिळाले पाहिजे.

एक नमुना हिशेब

पुढील आकडे हिशेब समजण्यासाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने तेथे आपापले आकडे घालावेत.

समजा, १२ गिऱ्हाइके आहेत आणि प्रत्येकाकडून महिन्याला सरासरी ५,००० रुपये मिळतात. जून ते जानेवारी हे आठ महिने काम पूर्ण चालते, म्हणजे दरमहा ६०,००० प्रमाणे ४,८०,००० रुपये होतात. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत पाणी कमी होते, गवत वाढत नाही, काही जण काम थांबवतात. तेव्हा दरमहा ३६,००० प्रमाणे १,४४,००० रुपये येतात. पावसाळ्यात नवी हिरवळ लावण्याच्या कामातून, माल-मातीचा खर्च जाऊन, ७६,००० रुपये मिळाले. वर्षाची एकूण जमा ७,००,००० रुपये झाली.

आता खर्च पाहू. दोन मजुरांना दरमहा प्रत्येकी १२,००० प्रमाणे वर्षाचे २,८८,००० रुपये. पेट्रोल, ऑइल आणि पाती ७२,०००. खत, औषध व रोपे ३६,०००. गाडीची दुरुस्ती, टायर, विमा ३६,०००. यंत्राची दुरुस्ती, फोन व किरकोळ १८,०००. बुडीत उधारी म्हणून जमेच्या पाच टक्के, म्हणजे ३५,०००. यंत्रे आणि जुनी गाडी मिळून १,२०,००० रुपयांची धरली आणि ती चार वर्षे टिकली, तर वर्षाची झीज ३०,०००. एकूण खर्च ५,१५,००० रुपये.

उरले १,८५,००० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे १५,४००. चांगल्या महिन्यात ६०,००० रुपये हातातून जातात म्हणून मालकाला आपण कमावतो असे वाटते. परंतु त्याच्यासारख्या जाणत्या माळ्याला कोणी महिना १८,००० रुपये देत असेल, तर मालकाची वर्षाची मजुरीच २,१६,००० होते. म्हणजे हा मालक वर्षाला ३१,००० रुपये पदरचे घालून धंदा चालवतो. नफा तर दूरच, त्याची मजुरीही पूर्ण निघालेली नाही.

येथे तळाचा एक दाखला ध्यानात ठेवावा. २०२४-२५ साली महाराष्ट्रात ग्रामीण रोजगार हमीच्या अकुशल कामाचा दिवसाचा दर २९७ रुपये होता. २६ दिवसांचे ७,७२२ रुपये होतात. ज्याच्याजवळ ना यंत्र, ना भांडवल, ना जोखीम, त्याच्या कामाचा तो दर. स्वतःचे यंत्र आणि दोन माणसांची जबाबदारी असणाऱ्याने याच्या आसपास येऊन समाधान मानणे हा हिशेबातला दोष समजावा.

दर कसा काढावा

मालकाला किती मिळाले पाहिजे हे आधी ठरवून मग उलट दिशेने दर काढावा. खर्च ५,१५,००० आणि मालकाची मजुरी २,१६,००० मिळून ७,३१,००० होतात. यावर जमेच्या दहा टक्के नफा राहिला पाहिजे असे धरले, तर वर्षाची जमा सुमारे ८,१२,००० रुपये हवी. आजच्या जमेपेक्षा १,१२,००० जास्त, म्हणजे दरात १६ टक्के वाढ. ५,००० चे ५,८०० झाले की मालक पायावर उभा राहतो.

हीच गोष्ट माणसाच्या एका दिवसावर आणावी. मालक धरून तीन माणसे आहेत. पाऊस, सण, आजारपण, यंत्र बिघडणे हे जाऊन महिन्याला २२ दिवसच खरे काम होते असे मानले, तर वर्षात तीन माणसांचे ७९२ दिवस भरतात. ८,१२,००० ला ७९२ ने भागले की एका माणसाच्या एका दिवसामागे सुमारे १,०२५ रुपये येतात. मजुराला दिवसाचे ४६० रुपये द्यायचे आणि गिऱ्हाइकाकडून हजार घ्यायचे, ही नफेखोरी वाटते. परंतु मधल्या रकमेत पेट्रोल, झीज, बुडीत उधारी, रिकामे दिवस आणि मालकाची मजुरी सगळे आहे.

हा आकडा हाताशी असला की घासाघीस सोपी होते. एखाद्या बंगल्यावर महिन्यातून चार वेळा, तिघे जण अर्धा दिवस काम करीत असतील, तर महिन्याला सहा माणूस-दिवस लागतात. त्याचे ६,१५० रुपये झाले पाहिजेत. गिऱ्हाईक ५,००० वर अडून बसले, तर भांडण नको. "साहेब, तेवढ्यात तीन फेऱ्या होतील" असे सांगावे. तीन फेऱ्यांचे ४,६०० रुपये होतात, म्हणजे ५,००० परवडतात. दर कमी आणि फेऱ्या तेवढ्याच, हे मात्र मान्य करू नये. गिऱ्हाईक दूरच्या वसाहतीत असेल तर जाण्या-येण्याचा वेळही माणूस-दिवसात धरावा. एकाच गल्लीतली चार कामे शहराच्या चार कोपऱ्यांतल्या सहा कामांपेक्षा जास्त देऊन जातात.

लातूरचे २०१६ साल

दहा टक्के नफा कशासाठी, असा प्रश्न येईल. त्याचे उत्तर लातूरने २०१६ साली दिले आहे. मांजरा धरण आटले, शहरात पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली, आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातुरात आली. त्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. पुढे मोठ्या गाड्या येऊ लागल्या आणि पावसाळ्यापर्यंत शहर त्या पाण्याची वाट पाहत राहिले.

हिरवळीला पाणी किती लागते ते पाहा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आपल्या भागातल्या उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर धरले, तर १०,००० चौरस फुटांच्या लॉनला रोज सुमारे ४,६०० लिटर, म्हणजे जवळजवळ एक टँकर पाणी हवे. ज्या गावात पिण्याचे पाणी रेल्वेने येते, तेथे कोणत्या तोंडाने गवताला टँकर मागवायचा? नांदेडला गोदावरीवरील विष्णुपुरी जलाशयाचा आधार आहे, पण पाणी घटले की तेथेही आधी पिण्याची गरज भागवावी लागते, आणि तसेच व्हायला हवे.

दोन महिने काम पूर्ण बंद राहिले असे धरू. दोन मजुरांचा पगार ४८,००० आणि मालकाची मजुरी ३६,००० मिळून ८४,००० रुपये लागतात. वरच्या हिशेबातला वर्षाचा नफा ८१,२०० रुपये आहे. म्हणजे एका चांगल्या वर्षाचा सगळा नफा दुष्काळाच्या दोन महिन्यांना जेमतेम पुरतो. ज्याने तो घरखर्चात उडवला, त्याला अशा वर्षी यंत्र विकावे लागते किंवा माणसे सोडावी लागतात. हात बसलेली माणसे एकदा गेली की परत मिळत नाहीत.

अमेरिकेच्या थंड भागात हाच धंदा करणारे लोक हिवाळ्यात गवत थांबले की अंगणातला बर्फ उपसण्याचे ठेके घेतात. आपल्याकडे बर्फाच्या जागी उन्हाळा आहे. ठिबक बसवणे, छतावरचे पाणी विंधन विहिरीत सोडण्याची जोडणी, झाडांची छाटणी, कुंड्यांची देखभाल, गवताच्या जागी बोगनवेल आणि कण्हेरीसारखी कमी पाण्याची झाडे लावणे, ही कामे कोरड्या महिन्यांसाठी शिकून ठेवावीत.

पाळण्यासारख्या गोष्टी

१. दर महिन्याच्या ठरावीक तारखेला स्वतःचा पगार काढावा आणि वहीत लिहावा. मधे गल्ल्यातून उचल झाली तर ती पगारातून वळती करावी.

२. घरचा माणूस फुकटचा समजू नये. भाऊ किंवा मुलगा दिवसभर राबत असेल, तर त्याची मजुरी खर्चात धरावी. भागीदारी असेल तर कामाची मजुरी आणि नफ्याचा वाटा ही दोन्ही कलमे आधीच कागदावर लिहावीत. पुष्कळ भागीदाऱ्या याच एका गोष्टीवरून मोडतात.

३. संस्थेच्या कंत्राटी बिलातून व्यक्तीच्या नावावर एक टक्का प्राप्तिकर कापला जातो. ती रक्कम खर्चात टाकू नये. पॅन दिलेला असावा, विवरणपत्र भरावे. कर लागू होत नसेल तर ती रक्कम परत मिळते.

४. ज्याचे बिल तीन महिने उशिरा येते, त्याला रोखीच्या दरात काम देऊ नये. तेवढे दिवस मजुरांचा पगार आपणच खिशातून देत असतो.

५. वर्षातून एकदा सर्व गिऱ्हाइकांचा हिशेब मांडून सर्वांत कमी देणारी दोन कामे एक तर दर वाढवून घ्यावीत, नाही तर सोडावीत.

हा हिशेब केवळ बागकामापुरता नाही. कुलर दुरुस्त करणारा, मोटारीचे वाइंडिंग करणारा, रंगारी, वेल्डिंगवाला, जो कोणी आपल्या हाताने काम करून दोन माणसांना सोबत घेतो, त्या प्रत्येकाला तो लागू आहे. आधी माणसांचा पगार, मग यंत्राची झीज, मग स्वतःची मजुरी, आणि त्यानंतर जे उरेल तो नफा. स्वतःची मजुरी बाहेरच्या बाजारभावाइतकी आणि त्यावर जमेच्या किमान दहा टक्के, एवढे ज्याला मिळते त्याचा धंदा ठीक चालला आहे. सलग दोन वर्षे त्याहून कमी मिळत असेल, तर दर, गिऱ्हाईक किंवा धंदा यांपैकी काही तरी बदलण्याची वेळ आली असे समजावे.