जोडा, पण जपून!

‘फेव्हिक्विक आहे ना, मग टेन्शन कशाला?’ हा आपल्या पिढीचा फंडा. चपलेचा तळ सुटला, मगचा कान तुटला, की तीच एक ट्यूब! पण बॉस, प्रत्येक वस्तूचा स्वभाव वेगळा असतो.

आम्हा सोलापूरकरांना हे नवं नाही. इथल्या मागांवर ताण्याच्या सुताला खळ देतात, म्हणजे धागा ताठ राहतो, तुटत नाही. घरी केलेली मैद्याची खळ कागदाला, पतंगाला आजही झक्कास. फक्त ओल लागू देऊ नका.

लाकडाला मात्र पांढरं फेव्हिकॉल. १९५९ पासून सुतारांचं लाडकं! त्यातलं पाणी लाकडात मुरतं, तेव्हा जोड धरतो. म्हणूनच काचेवर ते चालत नाही. माझ्या आजोबांचा लाकडी धोटा चिरला होता. फेव्हिकॉल भरलं, सुतळीने आवळला आणि रात्रभर ठेवला. आता टेबलावर दिमाखात बसलाय. दुकानात दुसरा मिळेल हो, पण त्याला आजोबांचा हात लागलेला नसेल!

गड्ड्याच्या यात्रेत घेतलेला कप फुटला? दोन ट्यूबचं इपॉक्सी सारख्या प्रमाणात मिसळा, २४ तास हात लावू नका. नंतर त्यात पेनं ठेवा, चहा नको. चपलेला रबरी सोल्युशन दोन्ही बाजूंना लावा, जरा सुकू द्या, मग जोर लावून दाबा. प्लास्टिकची बादली? बहुतेक ग्लू तिला धरतच नाहीत. सरळ नवी घ्या.

आता फेव्हिक्विक. ते हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं. एकच थेंब पुरे, थर जाड झाला की जोड कच्चा. फट मोठी असेल तर चिमूटभर खाण्याचा सोडा टाकायचा जुगाड चालतो, क्षणात दगड! पण ते तापतं, वाफही येते, तेव्हा खिडकी उघडी ठेवा.

आणि हे लक्षात ठेवाच: सुती कापडावर ते जास्त सांडलं तर भसकन तापतं, चटका बसतो. त्यामुळे सोलापुरी चादरीवर बसून, मांडीवर वस्तू घेऊन रिपेअरिंग नको. बोटं चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू सोडवा. डोळ्यात गेलं तर घरगुती उपाय नकोत, थेट डॉक्टर गाठा.

ट्यूब उघडण्याआधी फक्त एक प्रश्न विचारा: ही वस्तू कशाची आहे? उत्तर मिळालं, की निम्मं काम फत्ते!