अंगणातला खेळ आणि पडद्यावरचा खेळ

उत्तरेस सातपुडा आणि मधून वाहणारी तापी, असा नंदुरबार जिल्हा आहे. महाराष्ट्रातील इतर भागांप्रमाणे येथील मुलांचाही विटीदांडू हा जुना खेळ होय. हातभर दांडू, वीतभर विटी आणि जमिनीत कोरलेली गल, एवढीच त्याची सामग्री. विटी तासावयाची मुलांनी, राज्य कोणावर हे ठरवावयाचे मुलांनी, आणि तंटा झाल्यास तो मिटवावयाचाही त्यांनीच. रडीचा डाव खेळणाऱ्यास पुन्हा कोणी खेळात घेत नसे. म्हणून रुसवा फार काळ टिकत नसे.

१९५८ साली अमेरिकेत विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाने प्रयोगशाळा पाहावयास येणाऱ्यांसाठी एका उपकरणाच्या वाटोळ्या पडद्यावर टेनिसचा खेळ मांडला. प्रकाशाचा ठिपका जाळीवरून इकडून तिकडे जाई. त्यालाही दोन गडी लागत. १९७२ मध्ये ‘पाँग’ हा खेळ बाजारात आला. पुढे यंत्रे लहान होत गेली, खेळ मुठीत मावू लागला आणि मोबाइलबरोबर खेड्यापाड्यांत पोहोचला. आता प्रतिस्पर्धीही यंत्रच होऊ शकते.

या खेळांत नजर आणि हात यांचा मेळ लागतो. दूरच्या सवंगड्याशीही खेळता येते. परंतु तेथे नियम आधीच ठरलेले असतात आणि निवाडा यंत्र करते. भांडण नाही, म्हणून समेटही नाही. आपण ठरविलेला नियम आपल्याविरुद्ध गेला तरी पाळावा, हे शिक्षण गलीपाशीच मिळते. पडद्यावर खेळणाऱ्याने त्यासाठी अंगणात उतरलेच पाहिजे.